पादुआ की फ्लॉरेन्स? : गॅलिलिओच्या आयुष्यातील एक निर्णय



काही दिवसांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी आपल्या वडिलांना घेऊन घरी आला. त्याच्या हातात दोन नेमणूकपत्रे होती, एक मुंबईचे व एक आखातातले. ज्या कारखान्यात तो चार वर्षे काम करीत होता तेथील मालकाने, हा जाणार असे कळताच, पगार दीडपट करतो पण जाऊ नकोस, असे सांगितले होते. आता काय करावे, सर, तुम्हीच सांगा, असे वडिलांचे म्हणणे. मी काय सांगणार? मला आयुष्यात एकच नेमणूकपत्र आले आणि ते मी त्याच दिवशी सही करून परत दिले. पण चहा होईपर्यंत काहीतरी बोलणे भाग होते, म्हणून मी त्या दोघांना गॅलिलिओच्या नोकरीची हकीकत सांगितली. शाळेत आपण त्याची दुर्बीण शिकतो, लंबक शिकतो, त्याच्यावर झालेला खटला शिकतो. परंतु या थोर शास्त्रज्ञालाही महिन्याचा हिशेब जुळवावा लागत होता आणि वयाच्या 46व्या वर्षी दोन मालकांमधून एकाची निवड करावी लागली होती, हे आपल्या पुस्तकात येत नाही. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा तीच हकीकत सविस्तर लिहावी असे वाटले.

गॅलिलिओ गॅलिली याचा जन्म 15 फेब्रुवारी 1564 रोजी इटलीतील पीसा या गावी झाला. घराणे मूळचे फ्लॉरेन्सचे. वडील व्हिन्चेन्झो हे ल्यूट नावाचे तंतुवाद्य वाजविण्यात निष्णात होते. संगीतशास्त्रावर त्यांनी ग्रंथही लिहिला होता. नाव मोठे आणि मिळकत बेताची, असा प्रकार. मुलाने आपल्यासारखे कलेच्या मागे लागून हाल काढू नयेत, वैद्य व्हावे, चार पैसे मिळवावेत, असे त्यांना वाटे. त्याप्रमाणे 1581 साली मुलगा पीसा विद्यापीठात वैद्यक शिकण्यासाठी दाखल झाला. पण तेथे त्याला भूमितीची गोडी लागली. वैद्यकाच्या वर्गापेक्षा युक्लिड व आर्किमिडीज यांच्यातच त्याचे मन रमू लागले. 1585 साली तो पदवी न घेताच घरी परतला. वडिलांना काय वाटले असेल याची कल्पना पालकांनी करावी.

पुढची चार वर्षे शिकवण्यांवर गेली. 1588 साली त्याने बोलोन्या विद्यापीठातील गणिताच्या जागेसाठी खटपट केली, पण ती जागा जोव्हान्नी अँटोनिओ माजिनी या ज्योतिर्विदाला मिळाली. अखेर 1589 साली पीसा येथेच, म्हणजे ज्या विद्यापीठातून तो पदवीविना बाहेर पडला त्याच विद्यापीठात, गणिताचा अध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. पगार वर्षाला 60 स्कुदी. त्याच विद्यापीठातील वैद्यकाच्या नामांकित प्राध्यापकांना याच्या कितीतरी पट वेतन मिळत असे. गणिताची किंमत त्या काळी इतकीच होती. गणित म्हणजे मोजमापाचे साधन. निसर्गात खरे काय व खोटे काय हे सांगण्याचा मान तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचा. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

1591 साली वडील वारले. गॅलिलिओ थोरला मुलगा, तेव्हा सारा भार त्याच्यावर आला. बहीण व्हर्जीनिया हिचे लग्न झाले होते आणि हुंड्याचे हप्ते देणे होते. हुंड्याची चाल तिकडेही होती, आणि ती तिकडेही माणसाचे रक्त आटवीत होती. हप्ते थकले तेव्हा हा मेहुणा गॅलिलिओला फ्लॉरेन्समध्ये पाऊल टाकताच अटक करविणार आहे, असे आईने त्याला कळविले होते. 1601 साली धाकटी बहीण लिव्हिया हिचे लग्न झाले. तिच्या हुंड्याचा वाटा धाकट्या भावाने उचलायचा असे ठरले. हा भाऊ मायकेलअँजेलो वडिलांप्रमाणे वादक होता. तो आधी पोलंडला व मग बव्हेरियाला गेला आणि त्याने आपला वाटा दिला नाही. दोन्ही बहिणींचे देणे एकट्या थोरल्याच्या अंगावर पडले.

याच ओढाताणीत 1592 साली त्याला पादुआ येथील गणिताची जागा मिळाली. पादुआचे विद्यापीठ व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचे होते. युरोपात त्याचा मोठा लौकिक होता आणि दूरदूरच्या देशांतून विद्यार्थी तेथे येत. पगार 180 फ्लोरिन. ही जागा बराच काळ रिकामी होती, आणि ती आपणास मिळावी अशी आशा जोर्दानो ब्रूनो या तत्त्वज्ञानेही बाळगली होती. ब्रूनोला जागा मिळाली नाही. 1592 सालीच व्हेनिसमध्ये त्याला पकडण्यात आले, पुढील वर्षी व्हेनिसने त्याला रोमच्या धर्मन्यायालयाच्या ताब्यात दिले आणि 1600 साली रोममध्ये त्याला जिवंत जाळण्यात आले.

पादुआला गॅलिलिओ 18 वर्षे राहिला. म्हातारपणी मागे वळून पाहताना हाच आयुष्यातील सर्वांत सुखाचा काळ होता असे त्याने लिहून ठेवले आहे. परंतु त्या वेळी, ते दिवस जगत असताना, त्याला तसे वाटत होते असे दिसत नाही. त्याचे घर म्हणजे एक लहानसे वसतिगृहच होते. श्रीमंत घरची मुले त्याच्याकडे राहात, जेवत व शिकत. किल्ल्यांची बांधणी, जमिनीची मोजणी, लष्करी गणित अशा विषयांच्या खासगी शिकवण्या चालत. 1597च्या सुमारास त्याने हिशेबाचे व मापनाचे एक धातूचे उपकरण तयार केले. दोन पट्ट्या एका टोकाला जोडलेल्या व त्यांवर निरनिराळ्या मोजपट्ट्या कोरलेल्या. तोफेचा कोन, व्याजाचा हिशेब, वर्गमूळ, चलनाचा विनिमय, सगळे त्यावर काढता येई. ती उपकरणे घडविण्यासाठी एक कारागीर त्याने घरातच ठेवला होता. उपकरण विकून मिळे त्याहून अधिक पैसे ते वापरावयास शिकविण्याचे मिळत. आपण मास्तर लोकांनी हे वाचून हसू नये. चारशे वर्षांत फारसे काही बदललेले नाही.

व्हेनिसची मरीना गांबा हिच्याशी त्याचा संसार होता, पण रीतसर लग्न झालेले नव्हते. 1600 साली मुलगी व्हर्जीनिया, 1601 साली मुलगी लिव्हिया आणि 1606 साली मुलगा व्हिन्चेन्झो अशी तीन अपत्ये झाली. खर्च वाढतच गेला.

पगारही वाढला, नाही असे नाही. 1599 साली 320 फ्लोरिन आणि 1606 साली 520. मधल्या काळात, 1604 साली, मांतुआच्या ड्यूकने त्याला आपल्या दरबारी बोलावले. ड्यूकने 300 दुकात व स्वतःचा आणि एका नोकराचा खर्च देऊ केला. गॅलिलिओने 500 दुकात आणि तिघांचा खर्च मागितला. जमले नाही. तो पादुआलाच राहिला. इथे एक गोष्ट दिसते. दरबाराच्या नावाने तो भुलला नाही, त्याने आकडा मांडला, आणि आकडा न जुळल्यावर उगाच वाद न घालता तो आपल्या कामाला लागला.

मग त्याला नेमके हवे तरी काय होते? नुसता पैसा म्हणावे तर तसे नाही. विद्यापीठाचे काम फार नव्हते. त्याच्याच हिशेबाप्रमाणे वर्षाकाठी अर्ध्या अर्ध्या तासाची साठ व्याख्याने दिली की नोकरी पुरी होई. दिवस खात होत्या त्या शिकवण्या, राहणारी मुले आणि उपकरणांचा धंदा. 1602पासून तो पडणाऱ्या वस्तूंच्या गतीचा अभ्यास करीत होता. उतरत्या फळीवरून गोळ्या सोडून, वेळ मोजून, त्याने पतनाचा नियम शोधून काढला होता. ज्या कामाने पुढे भौतिकशास्त्राचा पायाच घातला गेला ते काम त्याच्या घरात टिपणांच्या रूपात पडून होते आणि त्याचा ग्रंथ लिहावयास त्याला सवड नव्हती. दुसऱ्याच्या मुलांना तीच तीच भूमिती शिकविण्यात त्याची चाळिशी उलटून गेली.

म्हणून त्याचे डोळे फ्लॉरेन्सकडे लागले. ती त्याच्या पूर्वजांची भूमी. तेथील राजपुत्र कोझिमो मेदिची याला त्याने उन्हाळ्याच्या सुटीत गणित शिकविले होते आणि 1606 साली आपल्या उपकरणावरील पुस्तक त्यालाच अर्पण केले होते. फेब्रुवारी 1609मध्ये जुना ग्रँड ड्यूक वारला व अठरा वर्षांचा कोझिमो गादीवर आला. त्याच सुमारास गॅलिलिओने फ्लॉरेन्सकडील एका गृहस्थाला पत्र लिहून आपले मन मोकळे केले. प्रजासत्ताक कितीही उदार असले तरी लोकांची सेवा केल्याशिवाय ते पगार देणार नाही, आणि सेवा म्हणजे शिकविणे आलेच. पूर्ण सवड देऊ शकतो तो फक्त एखादा सत्ताधीश राजा. असा त्या पत्राचा आशय. विचार सरळ आहे, पण त्यातील दुसरी बाजू त्याने त्या वेळी तपासलेली दिसत नाही. तिच्याकडे आपण पुढे येऊ.

याच वर्षी दुर्बीण आली. ती त्याची मूळ कल्पना नव्हे. हॉलंडमध्ये 1608 साली चष्मे करणाऱ्यांनी तशी नळी केली होती. तिची वार्ता व्हेनिसला पोहोचली तेव्हा गॅलिलिओने स्वतः भिंगे घासून आधी तिप्पट व मग आठ-नऊ पट मोठे दाखविणारी नळी तयार केली. 21 ऑगस्ट 1609 रोजी व्हेनिसचे वृद्ध सिनेटर संत मार्कच्या उंच मनोऱ्याच्या पायऱ्या चढले आणि नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या दोन तास आधी समुद्रातील जहाजे त्यांनी नळीतून पाहिली. व्हेनिस दर्यावर्दी राज्य, तेव्हा या खेळण्याचा उपयोग त्यांना सांगावा लागला नाही. तीन दिवसांनी गॅलिलिओने ती नळी राज्याच्या प्रमुखाला, म्हणजे दोजेला, नजर केली. किंमत मागितली नाही.

दुसऱ्याच दिवशी सिनेटने ठराव केला. गॅलिलिओची नोकरी तहहयात कायम, पगार 1000 फ्लोरिन. 520 वरून एकदम 1000! गणिताच्या अध्यापकाला एवढा पगार पादुआने पूर्वी कधी दिलेला नव्हता. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या मालकासारखेच हे झाले. माणूस हातचा जाऊ नये म्हणून घसघशीत वाढ. परंतु ठरावाचा कागद हाती आला तेव्हा त्यातील बारीक अक्षरे दिसली. वाढ आजपासून नव्हे, चालू नेमणुकीची मुदत संपल्यावर, म्हणजे आणखी वर्षभराने, आणि यापुढे पगारात कधीही वाढ होणार नाही. शिवाय कामाचे स्वरूप तेच. शिकविणे होतेच. ज्या गोष्टीसाठी तो तळमळत होता त्या सवडीचा त्या कागदात उल्लेखही नव्हता. पगारवाढ देणाऱ्याने त्याच्या खिशाचा विचार केला, त्याच्या गाऱ्हाण्याचा केला नाही. असे आजही होते.

त्यातच थोड्याच दिवसांत हॉलंडकडील स्वस्त नळ्या बाजारात दिसू लागल्या आणि आपण भलत्याच किमतीला सौदा केला की काय, अशी कुजबुज व्हेनिसमध्ये सुरू झाली.

गॅलिलिओ गप्प बसला नाही. त्याने वीसपट मोठे दाखविणारी दुर्बीण केली आणि ती आकाशाकडे वळविली. चंद्रावर डोंगर व दऱ्या दिसल्या. आकाशगंगा म्हणजे असंख्य ताऱ्यांचा समूह आहे हे दिसले. 7 जानेवारी 1610 रोजी गुरूजवळ तीन लहान ठिपके दिसले. रोज रात्री त्यांच्या जागा बदलत होत्या. लवकरच चौथा सापडला आणि ते गुरूभोवती फिरणारे चंद्र आहेत हे त्याने ओळखले. सगळेच पृथ्वीभोवती फिरते या समजुतीला हा प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसणारा अपवाद होता. मार्च 1610मध्ये व्हेनिस येथे त्याचे छोटे पुस्तक छापून निघाले. नाव सिडेरियस नुन्सियस, म्हणजे ताऱ्यांचा दूत. 550 प्रती हां हां म्हणता संपल्या.

हे पुस्तक विज्ञानाच्या इतिहासात अमर झाले आहे. पण खरे सांगायचे तर तो एक नोकरीचा अर्जही होता. नव्या चार चंद्रांना नाव काय द्यावे? त्याने आधी कोझिमोच्या नावावरून ते योजले. दरबारच्या चिटणिसाचे, बेलिसारिओ व्हिन्ता याचे, मत पडले की सबंध मेदिची घराण्याचे नाव द्यावे. कोझिमोला तीन भाऊ होते, म्हणजे चार चंद्र आणि चार भाऊ हा हिशेबही बरोबर बसत होता. तोवर पुस्तकाचा काही भाग छापून झाला होता, तेव्हा जुन्या नावावर नव्या नावाच्या कागदी पट्ट्या चिकटवाव्या लागल्या. पुढे फ्रान्सच्या दरबाराकडूनही विचारणा आली की आता एखादा नवा तारा सापडला तर आमच्या राजाचे नाव द्यावे. कोणी याला खुशामत म्हणेल. मला ती थोडी खटकते. पण ज्याच्या अंगावर दोन बहिणींच्या हुंड्याचे देणे होते त्या माणसाला नावे ठेवण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे.

मे 1610मध्ये त्याने व्हिन्ताला सविस्तर पत्र लिहिले. नोकरीच्या अटी कशा मांडाव्यात याचा तो नमुनाच आहे. पादुआत मला काय मिळते, माझे काम किती, शिकवण्यांतून किती मिळू शकते, हे त्याने स्पष्ट सांगितले. मग आपल्याला हवे ते सांगितले. मुख्य मागणी सवडीची. विश्वाची रचना, गती, यंत्रे या विषयांवर कोणकोणते ग्रंथ हाती आहेत याची यादीच त्याने दिली. आणि शेवटी एक अट, जी पाहून दरबारी लोक चकित झाले असतील. पदाच्या नावात गणिती या शब्दाबरोबर तत्त्वज्ञ हा शब्द असावा. गणितात आपण जितके महिने घालविले त्याहून अधिक वर्षे तत्त्वज्ञानात घालविली आहेत, असे त्याचे म्हणणे होते. मघाशी वाचकांना जे ध्यानात ठेवावयास सांगितले ते हेच. नुसत्या गणित्याने पृथ्वी फिरते असे म्हटले तर तो केवळ हिशेबाचा सोयीस्कर मार्ग ठरतो. तेच तत्त्वज्ञाने म्हटले तर ते खऱ्या जगाविषयीचे विधान ठरते. एका शब्दासाठी तो अडून बसला, कारण त्या शब्दावर त्याचे सारे काम उभे होते.

10 जुलै 1610 रोजी हुकूम निघाला. पीसा विद्यापीठाचा मुख्य गणिती आणि ग्रँड ड्यूकचा तत्त्वज्ञ व गणिती. पगार वर्षाला 1000 स्कुदी. पीसाला राहण्याचे वा शिकविण्याचे बंधन नाही. व्हेनिसने देऊ केलेला आकडाही 1000चाच होता हे लक्षात घ्या, जरी नाणी दोन राज्यांची वेगवेगळी होती. म्हणजे अखेरचा निर्णय झाला तो आकड्यावर नव्हे. एकीकडे शिकविण्यासकट तहहयात नोकरी, दुसरीकडे मोकळा वेळ, मनाजोगते पद आणि आपला मुलूख. जून महिन्यातच त्याने पादुआच्या जागेचा राजीनामा दिला होता. व्हेनिसच्या लोकांना राग आला, आणि तो गैरवाजवी होता असे मला म्हणवत नाही. ज्यांनी दहा महिन्यांपूर्वी त्याला जन्मभरासाठी नेमले होते त्यांना त्याने सोडले. व्हेनिसमधील काही जुन्या स्नेह्यांनी त्याच्याशी संबंध तोडले.

सप्टेंबरमध्ये तो फ्लॉरेन्सला गेला. मरीना पादुआतच राहिली. चार वर्षांचा मुलगा तिच्याजवळ राहिला, मुली फ्लॉरेन्सला आल्या. पुढे 1613 साली दोघी मुलींना आर्चेत्री येथील मठात ठेवण्यात आले आणि त्या जन्मभर तेथेच राहिल्या. नोकरी बदलली की पगाराचा आकडा सगळे विचारतात, घरातील कोण कुठे राहिले हे कोणी विचारीत नाही.

त्याचा जिवलग मित्र जोव्हान्फ्रान्चेस्को साग्रेदो या साऱ्या काळात व्हेनिसमध्ये नव्हता. व्हेनिसचा कौन्सल म्हणून तो 1608पासून सीरियात हलब शहरी होता. 1611 साली परतल्यावर त्याने गॅलिलिओला एक लांब पत्र लिहिले. त्या पत्रात राग नाही, काळजी आहे. पादुआत तू स्वतःचा धनी होतास, तुला हुकूम देणारा कोणी नव्हता. आता तू एका राजाच्या मर्जीवर आहेस. राजा आज चांगला आहे, पण तरुण आहे, दरबार म्हणजे वादळी समुद्र, आणि जेसुइट मंडळींचे तेथे वजन आहे. असे त्याचे म्हणणे होते. व्हेनिसने पोपशी भांडण करून 1606 साली जेसुइटांना राज्याबाहेर घालविले होते, आणि 1604 साली पादुआत गॅलिलिओविरुद्ध धर्मन्यायालयाकडे तक्रार झाली तेव्हा व्हेनिसच्या सरकारने ती तेथेच दाबली होती. साग्रेदोला हे सारे माहीत होते. जो मित्र वेळेवर सावध करू शकला असता तो नेमका त्या वर्षी समुद्रापलीकडे होता. गॅलिलिओने ऐकले असते का, ही गोष्ट वेगळी.

पहिली काही वर्षे फ्लॉरेन्सने दिलेला शब्द पाळला. शुक्राच्या कला, सूर्यावरील डाग, तरंगणाऱ्या वस्तूंचा अभ्यास, हे सारे 1610 ते 1613 या काळात झाले. रोममध्ये त्याचा सत्कार झाला. पण त्याच्या शत्रूंची संख्याही वाढली. 1616 साली पृथ्वी फिरते हे मत मांडण्यास चर्चने मनाई केली आणि त्याला समज देण्यात आली. 1621 साली कोझिमो वयाच्या तिसाव्या वर्षी वारला. गादीवर दहा वर्षांचा मुलगा आला आणि कारभार त्याची आई व आजी यांच्या हाती गेला. साग्रेदोने जी भीती व्यक्त केली होती ती अशी दहा वर्षांत खरी ठरली. सिनेटमध्ये शेकडो माणसे असतात, सगळी एकदम मरत नाहीत. राजा एकच असतो.

1632 साली त्याचा विश्वरचनेवरील संवादरूप ग्रंथ निघाला आणि पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. पोपने रोमला बोलावणे पाठविले. तरुण ग्रँड ड्यूकने विनंत्या केल्या, आपल्या वकिलातीत त्याला उतरविले, पालखी दिली, पण नाही म्हणण्याची त्याची ताकद नव्हती. रोममधील वकील फ्रान्चेस्को निकोलिनी हा मात्र खरा माणूस निघाला. गॅलिलिओच्या मुक्कामाचा खर्च एका महिन्यापुरताच सरकारातून मिळेल असे फ्लॉरेन्सहून कळविण्यात आले, तेव्हा पुढचा खर्च आपण सोसू असे त्याने उलट कळविले. 22 जून 1633 रोजी, 69 वर्षांच्या गॅलिलिओला गुडघे टेकून आपले मत सोडल्याचे जाहीर करावे लागले. त्यानंतर मरेपर्यंत तो नजरकैदेत होता, बहुतेक काळ आर्चेत्री येथील घरात.

ही गोष्ट येथपर्यंत आली तेव्हा त्या मुलाच्या वडिलांनी मला विचारले, म्हणजे त्याने चूक केली म्हणायचे का, सर? पुष्कळ चरित्रकार तसे मानतात. पादुआत राहिला असता तर वाचला असता, असे लिहिणे सोपे आहे. पण मला ते इतके सरळ वाटत नाही. ब्रूनोला पकडले ते व्हेनिसमध्येच आणि रोमला सोपविले ते याच प्रजासत्ताकाने. त्याचा मित्र पाओलो सार्पी हा व्हेनिस सरकारचा सल्लागार. त्याच्यावर 1607 साली व्हेनिसच्या रस्त्यात मारेकऱ्यांनी खंजिराचे वार केले. तो दैवाने वाचला. आणि 1635 साली गॅलिलिओचे नवे पुस्तक व्हेनिसमध्ये छापून घेण्याची खटपट मित्रांनी केली तेव्हा तेथील धर्मन्यायाधीशाने रोमचा हुकूम दाखवून नकार दिला. साग्रेदो म्हणत होता ते खरे होते, पण पुरते खरे नव्हते. शिवाय पादुआत साठ व्याख्याने, वीस मुले आणि उपकरणांचा धंदा सांभाळीत त्याने कोणते ग्रंथ लिहिले असते हेही पाहिले पाहिजे. माझा स्वतःचा कौल विचाराल तर, निवड चुकली नाही, हिशेब अपुरा राहिला. वेळ किती मिळेल हे त्याने मोजले, वेळ देणारा किती दिवस टिकेल हे मोजले नाही.

विद्यार्थ्याच्या वडिलांना हे उत्तर पटले की नाही ते मला कळले नाही. मुलाने मात्र एक प्रश्न विचारला, की पगारवाढीच्या कागदावर ती वाढ कोणत्या तारखेपासून आहे हे आपण पाहिले का. त्याने खिशातून कागद काढला. त्यावर तारीखच नव्हती.

नजरकैदेत असताना गॅलिलिओने ते काम पुरे केले ज्यासाठी त्याने पादुआ सोडली होती. 1602पासूनची टिपणे त्याने बाहेर काढली. एप्रिल 1634मध्ये त्याची लाडकी मुलगी, मठात मारिया चेलेस्ते हे नाव घेतलेली व्हर्जीनिया, वारली. ती जवळच्याच मठात होती आणि त्याच्या कपड्यांपासून औषधांपर्यंत सारे पाहात होती. त्या धक्क्यातून सावरून त्याने गती व पदार्थांची मजबुती यांवरील ग्रंथ लिहिला. इटलीत तो छापता येईना. 1638 साली हॉलंडमधील लायडन येथे एल्झेव्हिर यांनी तो छापला. तोपर्यंत त्याचे दोन्ही डोळे गेले होते, त्यामुळे छापलेले पुस्तक त्याला वाचता आले नाही. पण मुखपृष्ठावर त्याच्या नावाखाली त्याचे पद छापलेले होते, टस्कनीच्या ग्रँड ड्यूकचा प्रमुख तत्त्वज्ञ व गणिती. 28 वर्षांपूर्वी अडून बसून मिळविलेला तो शब्द गणिती या शब्दाच्या आधी होता. खटला झाला, कैद झाली, पण ते पद त्याच्याकडून काढून घेण्यात आले नव्हते.

8 जानेवारी 1642 रोजी आर्चेत्री येथे त्याचे निधन झाले. ग्रँड ड्यूकला त्याचे स्मारक उभारावयाचे होते, पण पोपच्या विरोधामुळे ते राहिले. 1737 साली त्याचे अवशेष फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये सन्मानाने ठेवण्यात आले. त्याच्या जागेवर त्याचा शिष्य एव्हान्जेलिस्ता तोरिचेल्ली, ज्याचा वायुभारमापक आपण प्रयोगशाळेत पाहतो, याची नेमणूक झाली. तोरिचेल्लीला ग्रँड ड्यूकचा गणिती हे पद मिळाले. तत्त्वज्ञ हा शब्द त्याच्या नेमणुकीत नव्हता.